मांजरीच्या घरी नवा कुत्रा: आधी नजर सोडवा, मैत्रीचं मग बघू

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात चौथ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. घरात चार वर्षांची मांजरी, चिंगी. दहा दिवसांपूर्वी एका संस्थेतून दीड वर्षाचा देशी कुत्रा दत्तक घेतला, बंड्या. आल्या दिवशीच दोघांना हॉलमध्ये समोरासमोर आणलं. बंड्या झेपावला, चिंगी स्वयंपाकघराच्या माळ्यावर चढली आणि तेव्हापासून तिचा मुक्काम तिथेच आहे. सगळे झोपले की खाली येऊन थोडं खाते. दोनदा सोफ्यावर लघवी केली. घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो, 'राहू द्या एकत्र, आठ-पंधरा दिवसांत आपोआप जमेल.' दुसरा म्हणतो, 'कुत्रा परत देऊन टाका.'

ताई, मला दोन्ही पटत नाहीत. एकत्र सोडून दिल्यावर आपोआप जे होतं ते बहुतेक वेळा असं, की कुत्रा पाठलागात तरबेज होतो आणि मांजर लपण्यात. पळणाऱ्या मांजरीमागे धावण्यात कुत्र्याला इतकी मजा येते की त्याला वेगळं बक्षीस लागत नाही. आज एकदा धावला तर उद्या लवकर धावतो. आणि परत द्यायचा विचार आत्ताच कशाला? या दोघांची रीतसर ओळख अजून कुणी करून दिलेलीच नाही. सुरुवात चुकली, ती पुन्हा पहिल्यापासून करता येते. मात्र आता दिवस नाही, आठवडे धरून चाला. मोठ्या वयाच्या मांजरीला दोन-तीन महिने लागले तरी मी त्याला उशीर म्हणणार नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका. दोघांची मैत्री व्हावी हे ध्येय ठेवू नका. बंड्याने चिंगीकडे बघावं आणि कुणी न सांगता नजर काढून घ्यावी, एवढंच ध्येय ठेवा. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या एका नजरेसाठी आहे. पुढे दोघं एका सोफ्यावर झोपली तर आनंदच आहे, पण तशी नाही झोपली तरी घर सुखात चालतं.

आधी चिंगीची तब्येत, कारण ती थांबू शकत नाही. 'भूक लागली की येईल खाली' हे कुत्र्याच्या बाबतीत चालून जातं, मांजरीच्या नाही. मांजर एक-दोन दिवस पूर्ण उपाशी राहिली, त्यातून अंगाने भरलेली असली, तर शरीरातली चरबी यकृतात साठायला लागते आणि ते जिवावर बेतू शकतं. ती रात्री खाते म्हणता, पण किती खाते ते आजपासून मोजा. वाटीत घालताना वजन करा आणि सकाळी उरलेल्याचं करा. नेहमीच्या निम्म्याहून कमी खात असेल किंवा चोवीस तासांत तोंडच लावलं नसेल तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.

सोफ्यावरच्या लघवीला घरात कुणी सूड म्हणत असेल तर ते डोक्यातून काढून टाका. एक शक्यता अशी की तिच्या शी-शूच्या ट्रेकडे जायचा रस्ता बंड्याच्या समोरून जातो, म्हणून ती तिकडे जातच नाही. दुसरी अशी की ताणामुळे मूत्राशयाला सूज आली आहे. मांजरींमध्ये हे नेहमी दिसतं, म्हणून लघवी तपासून घ्याच. चिंगीच्या जागी बोका असता तर मी जास्त घाई करायला सांगितलं असतं. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, त्याच वेळी दवाखाना गाठायचा. लघवी अडलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

सोफा पुसायला फिनाईल वापरू नका. पाण्यात टाकलं की पांढरं होणारं जे फिनाईल आपण लादीला वापरतो, त्यातली रसायनं मांजरीला विषारी ठरू शकतात. ती पंजे चाटते आणि ते पोटात जातं. साबणाच्या पाण्याने धुवा आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं क्लीनर मारा. वास पूर्ण गेला नाही तर ती पुन्हा तिथेच बसेल.

आता जागेची वाटणी. एक बेडरूम चिंगीची. बंड्याचं नाकसुद्धा काही दिवस त्या दाराच्या आत जाता कामा नये. तिला माळ्यावरून ओढून काढू नका. घाबरलेली मांजर अशा वेळी आपल्याच माणसाला कडकडून चावते, त्यात तिचा दोष नसतो. एकाने बंड्याला तासभर फिरायला न्यावं. दुसऱ्याने घर शांत ठेवून, तिचं आवडतं खाणं बास्केटमध्ये ठेवून तिला स्वतःहून उतरू द्यावं. खोलीत पाणी आणि खाणं एका कोपऱ्यात, ट्रे त्याच्यापासून लांब, लपायला आडवं पाडलेलं खोकं, नखं घासायला जुनं गोणपाट आणि चढायला उंची. कपाटाच्या वरचा भाग रिकामा करून तिथे चादर घातली, आणि तिथे पोचायला मध्ये एक फळी ठोकली, तरी पुरे. उंचावरून कुत्रा दिसणं आणि जमिनीवरून कुत्रा दिसणं यात मांजरीच्या दृष्टीने फार फरक आहे.

खिडक्या आणि बाल्कनी आजच बघून घ्या. ग्रिलच्या गजांमधून मांजर सहज जाते. पाठीमागे कुत्रा लागलेली मांजर कठडा बघत नाही, मजला तर मुळीच बघत नाही. चौथ्या मजल्यावरून पडलेल्या मांजरी दवाखान्यात येतात. काही वाचतात, पण जबडा, छाती, पाय मोडून. जाळी लावून होईपर्यंत त्या खोलीच्या खिडक्या बंद ठेवा.

बंड्याकडे वळू. नव्या घरी आलेला कुत्रा पहिले काही दिवस दबून असतो. त्याचा खरा स्वभाव दोन-तीन आठवड्यांनी बाहेर यायला लागतो आणि घर आपलं वाटायला दोन-तीन महिने जातात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात कुणाचा कुत्रा मांजरीकडे ढुंकूनही बघत नसेल तर त्यावर विसंबू नये. तुमचा पहिल्याच दिवशी झेपावला, म्हणजे निदान काय ते समोर आलं. देशी कुत्र्यांमध्ये यात टोकाचा फरक असतो. एखादा मासळी बाजारात मांजरींच्या सोबतच वाढलेला असतो, तर एखादा टोळीबरोबर मांजरी मारत फिरलेला असतो. संस्थेत ज्यांनी त्याला सांभाळलं त्यांना नीट विचारा: तिथे मांजरी होत्या का, तो त्यांच्याशी कसा वागायचा, कधी कुठला लहान प्राणी मारलाय का? उत्तर वाईट आलं तरी ते माहीत असलेलं बरं.

त्याला झोप पुरेशी मिळते का हेही बघा. मोठा कुत्रा दिवसातले बारा-चौदा तास तरी झोपतो. नव्या घरात येणारेजाणारे, बेल, मुलं यांमुळे ते होत नाही, आणि अपुऱ्या झोपेचा कुत्रा लवकर भडकतो. हॉलच्या एका शांत कोपऱ्यात त्याची चटई टाका. सकाळ-संध्याकाळ फिरताना घाई न करता हुंगू द्या. ओट्यावरची भांडी पडली तरी चटईवर पडून राहणारा कुत्रा तुम्हाला हवा आहे. तो घडवायला चटई हीच पहिली शिकवणी: चटईवर गेला की चिकनचा तुकडा, टेकून बसला की आणखी एक.

पहिले चार-पाच दिवस दोघं एकमेकांना दिसणारच नाहीत, फक्त वास पोचेल. मऊ सुती फडकं चिंगीच्या गालांवरून हळूच फिरवायचं आणि बंड्याच्या चटईपासून थोडं दूर ठेवायचं. त्याचं फडकं तिच्या खोलीत, तिच्या खाण्यापासून लांब. तो हुंगून निघून गेला तर छान. फडकं तोंडात धरून झटकायला लागला तर शांतपणे काढून घ्या आणि उद्या आणखी दुरून करा. रोज एकदा बंड्या बाहेर गेला की चिंगीला सगळ्या घरात फिरू द्या. घर तिचंही आहे, हे तिला परत कळायला हवं. दोघांचं खाणं बंद दाराच्या दोन बाजूंना ठेवायचं, सुरुवातीला दारापासून बरंच लांब, मग रोज वीतभर जवळ. चिंगी एखाद्या दिवशी खाताना थबकली तर आपण फार जवळ आलो समजायचं आणि वाटी मागे न्यायची.

मग जाळी. आपल्याकडे मुख्य दाराला सेफ्टी डोअर असतं, बेडरूमला नसतं. अॅल्युमिनिअमच्या खिडक्या करणाऱ्याकडून बेडरूमच्या चौकटीत जाळीचं हलकं दार बसवून घ्या, आणि जाळी स्टीलचीच सांगा. डासांची फायबरची जाळी बंड्या एका पंजात फाडेल. लहान मुलांसाठी मिळतं ते फाटकही चालतं, पण देशी कुत्रा ते उडी मारून सहज पार करतो, म्हणून पट्टा हातात हवाच. सुरुवातीला जाळीच्या खालच्या अर्ध्या भागावर चादर लावा.

इथून खरं काम सुरू होतं. बंड्याच्या छातीला हार्नेस, त्याला सहा फुटांचा कापडी पट्टा, साखळी नाही. खिशात उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे, मीठमसाला न घातलेले. त्याचं पोट अर्धं रिकामं हवं. हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला उभे राहा, जिथून चिंगी जाळीपलीकडे कपाटावर बसलेली दिसते. त्याचं लक्ष तिच्याकडे गेलं, त्याच क्षणी 'शाब्बास' म्हणा. ओरडून नाही, नेहमीच्या आवाजात. त्याने मान तुमच्याकडे वळवली की तुकडा. पुन्हा बघेल, पुन्हा 'शाब्बास', पुन्हा तुकडा. दोन-तीन मिनिटांत संपवा आणि त्याला घेऊन दुसरीकडे जा. दिवसातून दोन-तीनदा एवढं पुरे. काही दिवसांनी तुमच्या लक्षात येईल की तो मांजरीकडे बघतो आणि तुम्ही बोलायच्या आतच तुमच्याकडे वळतो. त्याच्या लेखी मांजर दिसली म्हणजे माणसाकडे बघायचं, एवढा अर्थ पक्का झाला. मग दोन पावलं पुढे.

त्याचं तोंड बघत राहा. सैल, उघडं तोंड, जीभ बाहेर, कान इकडेतिकडे हलतायत, मधूनच जमीन हुंगतोय: सगळं ठीक. धोका सुरू होतो तो तोंड मिटल्यावर. ओठ बंद, कान पुढे, कपाळ ताणलेलं, एक पंजा किंचित उचललेला, अंग जागच्या जागी गोठलेलं. भुंकण्याच्या आणि झेपेच्या आधी हा एखाद-दोन सेकंदांचा काळ असतो. घरातल्या बहुतेकांचा तो निसटतो, कारण सगळे शेपटीकडे बघत असतात. आणि शेपूट तर तेव्हाही हलत असते. ताठ, उंच, थोड्याशा अंतरात. तोंड मिटलं की नाव घेऊन हाक मारा. वळला तर तुकडा द्या आणि थोडे मागे या. वळला नाही, चिकन नाकाशी नेऊनही खात नाही, तर तुम्ही फार जवळ आहात. पट्टा झटकू नका, रागावू नका, त्याला घेऊन अर्धवर्तुळात वळून दूर जा. मार, ओरडा किंवा झटका दिला तर मांजर दिसली की दुखतं एवढंच तो शिकेल, आणि त्याचा राग तिच्यावर निघेल.

चिंगीची बाजूही वाचा. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, कान चपटे, शेपूट फुगलेली किंवा जमिनीवर आपटतेय तर तिला आज बस झालं. ती अंग चाटायला लागली, डोळे अर्धे मिटले किंवा कुशीवर लोळली तर पुढे जायला हरकत नाही. वेग तिने ठरवायचा. शेपटीचा अर्थ दोघांकडे वेगळा, म्हणून यांचं जमत नाही असं लोक म्हणतात. तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी एकाच घरात राहणाऱ्या कुत्र्या-मांजरींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात उलट दिसलं. बरीचशी जनावरं समोरच्याची भाषा शिकून घेतात. मांजर घरात आधीपासून असेल तर जास्त जमतं. मांजर सहा महिन्यांच्या आतली आणि कुत्रा वर्षाच्या आतला असताना भेट झाली तर आणखी सोपं जातं. तुमची दोघंही त्या वयापुढे गेली आहेत, पण आधीपासून कोण हा भाग तुमच्या बाजूचा आहे.

जाळीपासून हातभर अंतरावर बंड्या चटईवर आडवा होऊ लागला आणि चिंगी त्याच्यासमोर जेवू लागली, असं सलग आठवडाभर दिसलं की जाळी उघडायची. बंड्या फिरून आलेला, पट्टा एका माणसाच्या हातात, चटईवर. चिंगीला कुणी उचलून आणायचं नाही, ती येईल तेव्हा येईल. मांजरीला हातात धरून कुत्र्याच्या नाकाशी नेणं हा प्रकार मी अनेक घरांत पाहिलाय आणि तो मला अजिबात मान्य नाही. तिला पळता येत नाही म्हणून ती ओरबाडते, आणि नख कुत्र्याच्या डोळ्यात गेलं तर बुब्बुळाला जखम होते. कुत्रा एक डोळा मिटून धरत असेल, पाणी गळत असेल तर त्याच दिवशी दाखवा. चिंगी खोलीतून चालत गेली आणि बंड्या पडल्या जागी राहिला, की भरभरून खाऊ द्या. ती पळाली तर तो उठेलच. तेव्हा पट्टा फक्त घट्ट धरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी मागे या. हातातला पट्टा सोडून जमिनीवर फरफटू द्यायची वेळ यायला आणखी काही आठवडे लागतील.

ट्रे आणि चिंगीची वाटी कायमची बंड्याच्या आवाक्याबाहेर. कुत्र्यांना मांजरीची विष्ठा आवडते, त्याला इलाज नाही, आणि ट्रेमध्ये घालतात ती गोळे होणारी भुकटी (लिटर) पोटात गेली तर आतडं अडू शकतं. ट्रे ड्राय बाल्कनीत ठेवा आणि तिचं दार साखळीने चार इंच उघडं राहील असं अडकवा. चिंगी जाईल, बंड्या राहील बाहेर. तिचं खाणं वॉशिंग मशीनवर. आणि तिला कुत्र्याचं खाणं सवयीने देऊ नका, मांजरीला लागणारं टॉरिन हे पोषकद्रव्य त्यात पुरेसं नसतं.

गोचिडांच्या औषधाबद्दल हे नीट वाचा. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं. गोचिडांसाठी सर्रास वापरली जाणारी डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन ही गुरांची औषधंही त्याच कुळातली. मांजरीचं यकृत ती पचवू शकत नाही. कुत्र्याच्या अंगाला अंग घासलं, त्याची मान चाटली, तरी तिला थरथर, झटके सुरू होऊ शकतात आणि मृत्यूही येऊ शकतो. अॅमिट्राझ हे गोचिडांचं आणखी एक औषध, तेही मांजरीच्या घरात नको. बंड्यासाठी काहीही घेताना 'घरात मांजर आहे' हे डॉक्टरांना आणि दुकानदाराला सांगा, आणि शक्यतो तोंडाने द्यायची गोळी मागा. पिसू आणि जंत दोघांचे एकाच वेळी करायचे, एकाचे करून उपयोग नाही. रेबीजची लस दोघांनाही, चिंगी कधी घराबाहेर जात नसली तरी. तिची तीन आजारांची लसही अद्ययावत हवी, कारण कुत्र्यांच्या पार्वो या विषाणूचे आताचे प्रकार मांजरींनाही होऊ शकतात आणि संस्थेतून आलेल्या कुत्र्याबरोबर काय आलंय ते दिसत नाही. या सगळ्या गडबडीत कुणाला नख किंवा दात लागला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

परत देण्याबद्दल विचारलंत म्हणून सांगते. काही कुत्रे मांजरीच्या घरासाठी नसतात. कारवानी, पश्मी ही आपल्याकडची सशामागे धावायला जोपासलेली जात. त्यांच्या मिश्र पिल्लांमध्येही पळणारं काही दिसलं की कान बंद होतात, आणि ते शिकवणीने पुसलं जात नाही. नसबंदीने मारामाऱ्या आणि जागोजागी लघवी करणं कमी होतं, शिकारीची ओढ नाही. चार-सहा आठवडे नेमाने वरचं सगळं करूनही हॉलच्या टोकावरून मांजर दिसली की बंड्या थरथरतो, कण्हतो, चिकनला तोंड लावत नाही, किंवा चिंगीचं वजन घटत चाललंय, तर त्याला मांजर नसलेलं घर शोधणं हेच दोघांच्या भल्याचं. त्यात लाज वाटायचं कारण नाही. फक्त तो ज्या संस्थेतून आला तिथेच परत जायला हवा, आणि तिला आधी कळवून. रस्त्यावर सोडून देणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पण तुम्ही लिहिलंय की चिकनची वाटी वाजली की बंड्या माळ्याखालून उठून येतो. जो कुत्रा मांजर सोडून वाटीकडे येतो त्याच्यावर मेहनत करायला मी नेहमी तयार असते.

घरात कुणी नसताना दोघांमध्ये दार बंदच हवं, पहिले सहा महिने तरी. ऑफिसला जाताना, रात्री झोपताना, अंघोळीला जातानासुद्धा. जुना मोबाईल हॉलमध्ये लावून बंड्या तुमच्या मागे काय करतो ते बघा: चिंगीच्या दाराशी बसून राहतो की चटईवर झोपतो? झोपत असेल तर सहा महिन्यांनंतर एखादी सुट्टी बघून दोघांना एकत्र सोडायला अर्ध्या तासापासून सुरुवात करा, तुम्ही शेजारच्या खोलीत असताना. आणि सगळं सुरळीत झाल्यावरही गणपतीत पाहुण्यांनी घर भरलेलं असताना आणि दिवाळीच्या फटाक्यांच्या आठवड्यात चिंगीची खोली पुन्हा बंद करा, किल्ली घरातल्या एकाच माणसाकडे ठेवून.